माणकांवर चालणारी ‘जनता’

एचएमटीची ‘जनता’ म्हणजे चावीचं साधं घड्याळ. 1961 मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरूला एचएमटीचा घड्याळांचा कारखाना सुरू झाला आणि पुढच्या काळात ही घड्याळं शिक्षकांपासून कारकुनांपर्यंत लाखो मनगटांवर गेली. 2016 मध्ये एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय झाला, तशा जुन्या नगांवर शौकिनांच्या उड्या पडू लागल्या. चर्चा मग किमतींचीच होते. माझा जीव मात्र आतल्या पदार्थांत अडकलेला आहे.

ओळखीच्या घड्याळजीकडून मागचं झाकण उघडून घ्या आणि भिंग लावून पाहा. चंदेरी पट्ट्यांवर गुलाबी-लाल ठिपके दिसतील. ती माणकं आहेत, रासायनिकदृष्ट्या अगदी खरी. फक्त खाणीतली नाहीत. ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या स्फटिकात किंचित क्रोमियम मिसळलं की माणिक तयार होतं. ऑग्युस्त व्हर्नय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1902 मध्ये ते भट्टीत करण्याची रीत जाहीर केली. बारीक भुकटी ऑक्सिजन-हायड्रोजनच्या ज्योतीतून खाली सोडायची. दोन हजार अंश सेल्सिअसच्या वर ती वितळते आणि खालच्या टोकावर थेंबाथेंबाने स्फटिक वाढत जातो. माणिक असं स्वस्त झालं, म्हणून ते सामान्य माणसाच्या घड्याळात पोचलं. लाल रंगाचा घड्याळाच्या कामाशी काहीही संबंध नाही, बिनरंगी स्फटिकही तितकंच चाललं असतं. आजच्या महागड्या घड्याळांची ‘सफायर’ काच म्हणजे हाच पदार्थ, क्रोमियमशिवाय.

पण एवढा कठीण खडा हवा कशाला? ‘जनता’चं बॅलन्स व्हील, म्हणजे वेळेचा ठेका धरणारं डोलतं चाक, तासाला 18,000 ठोके देतं. सेकंदाला 5, दिवसाला 4,32,000. ज्या पोलादी टोकांवर ते डोलतं, ती जाडीला साधारण मिलिमीटरचा दहावा हिस्सा. नुसत्या पितळेच्या भोकात ही टोकं फिरली, तर काही वर्षांत भोक लांबट होईल आणि चाक डगमगायला लागेल. माणकाचा कठीणपणा मोहसच्या मापावर 9, त्याच्या वर हिरा. म्हणून तबकडीवरचे ‘17 ज्वेल्स’ हे शब्द यंत्राची रचना सांगतात: बॅलन्सच्या टोकांना 4, त्याला धक्का देणाऱ्या खिट्टीचं 1, चाकांना एकेक पाऊल पुढे सोडणाऱ्या पॅलेटच्या दातांची 2, आणि बाकीची 10 पॅलेट व चाकांच्या आसांना.

प्रत्येक भोकाभोवती माणकात एक इवलीशी वाटी कोरलेली असते. तेलाचा सूक्ष्म थेंब पृष्ठताणामुळे तिथेच धरून राहतो. हे भिंगातून बघण्यासारखं आहे. वर्षं गेली की तेल घट्ट होतं, त्यात धूळ बसते आणि पोलाद झिजू लागतं. घड्याळ वेळ बरोबर दाखवत असलं तरीही. त्यामुळे ‘चालू आहे, मग सर्व्हिसिंग कशाला’ हा हिशेब मला पटत नाही.

बॅलन्सवरची केसासारखी बारीक स्प्रिंग हाही माझ्या आवडीचा विषय. साधं पोलाद उष्णतेने मऊ पडतं, त्याची लवचिकता बदलते. तशी स्प्रिंग असलेलं घड्याळ तापमान एक अंशाने वाढलं तर दिवसाला सुमारे 10 सेकंद मागे पडतं. मे महिन्यातल्या नागपुरात त्याचं काय झालं असतं! स्विस शास्त्रज्ञ शार्ल एदुआर ग्योम यांनी लोखंड, निकेल आणि क्रोमियमचा असा मिश्रधातू शोधला की ज्याची लवचिकता तापमानाने जवळजवळ बदलतच नाही. निकेल-पोलादाच्या मिश्रधातूंवरच्या या संशोधनासाठी त्यांना 1920 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

बाहेरच्या भागाचं म्हणाल तर पितळेवर क्रोमचा मुलामा असलेल्या केसेस घामातल्या क्षाराने पट्टा अडकवायच्या शिंगांजवळ उघड्या पडतात. काच ॲक्रिलिकची असेल तर पॉलिशने ओरखडे निघतात, कारण ती मऊ असते.

तबकडीबद्दल मात्र मी हट्टी आहे. तिच्यावरचं लॅकर उन्हातल्या अतिनील किरणांनी पिवळसर होतं, कधी कधी काळी तबकडी तपकिरी होते. हा रंग पुन्हा आणता येत नाही. तरीही बाजारात भडक निळ्या-केशरी रंगाने नव्याने रंगवलेल्या, इकडचे तिकडचे भाग जोडलेल्या एचएमटी ढिगाने मिळतात. परदेशी शौकीन त्यांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात आणि त्याचं मला वाईट वाटतं. छपाई भिंगाखाली धरा. अक्षरांच्या कडा फुटलेल्या, मिनिटांच्या रेघा खुणांशी न जुळणाऱ्या दिसल्या, तर ती तबकडी मूळची नाही. पिवळी पडलेली पण मूळची तबकडी मी कधीही पसंत करीन.

एका बाबतीत प्रेम आवरतं घ्यावं. 1960 च्या आधीच्या अनेक घड्याळांच्या काट्यांवर रेडियम लावलेलं असे. आज ते अंधारात चमकत नाही, कारण रेडियमच्या माऱ्याने त्याच्यासोबतचं चमक देणारं झिंक सल्फाइड निकामी झालेलं असतं. रेडियमचं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा काळ) मात्र 1600 वर्षं, म्हणजे किरणोत्सर्ग जवळजवळ तेवढाच आहे. पुढे रेडियमच्या जागी आलेल्या ट्रिटियमचं अर्धायुष्य सुमारे 12.3 वर्षं, तळाशी ‘टी’ अक्षर असलेल्या तबकड्यांवर ते असतं, आणि पन्नास वर्षांत त्याचा सोळावा हिस्साही उरत नाही. रेडियमच्या घड्याळाची काच घरी काढू नये, खुणा खरवडू नयेत. त्याची भुकटी श्वासावाटे आत जाणं हा खरा धोका आहे.