ब्रेकचं पेडल मऊ लागतंय की खाली बसतंय?

शेव्हरोलेची 'अ‍ॅडव्हान्स डिझाइन' पिकअप जून 1947 मध्ये आली आणि 1955 पर्यंत बनत राहिली. तिचं बॉनेट उघडून ब्रेक ऑइल कुठे टाकायचं ते शोधलंत तर सापडणार नाही. पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली आहे, केबिनच्या पत्र्याखाली, चॅसीला (गाडीच्या सांगाड्याला) धरून. मॅट उचलली की पत्र्यात एक लहान झाकण दिसतं आणि ते काढलं की खाली फिलरची टोपी. जुन्या विलीज जीपमध्येही असंच. जनरल मोटर्स 1928 ते 1954 शिवडीला गाड्या जुळवायची, त्यामुळे त्या काळातल्या शेव्हरोले मुंबईच्या रस्त्यांना परक्या नव्हत्या.

अशा गाडीचा ब्रेक नीट लागेना, की बहुतेक जण थेट मास्टर सिलिंडर उतरवायला गाडीखाली शिरतात. सत्तर वर्षांचे गंजलेले बोल्ट, चॅसीच्या कडेला न पोहोचणारा पाना, तोंडावर पडणारी माती. आणि दिवसभर खपल्यावर कळतं की सिलिंडर चांगलाच होता, लाइनमध्ये, म्हणजे ब्रेक ऑइलच्या पाइपात, हवा होती. कधी याच्या उलटही होतं: चारही चाकांच्या ब्रेक लाइनमधली हवा तीनतीनदा काढतात आणि पेडल पुन्हा खाली जातं, कारण मास्टर सिलिंडरच्या आतला, ऑइल मागे गळू न देणारा रबर कप गेलेला असतो. दोन्हीत ब्रेक भरवशाचा राहत नाही, म्हणून दोन्हींना 'पेडल खाली जातंय' असं एकच नाव पडलंय. पायाला मात्र दोन्ही वेगळी लागतात.

हवा असेल तर पेडल मऊ लागतं, दाबताना खाली स्प्रिंग असल्यासारखं. ऑइल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. भराभर चारपाच वेळा मारलं की पेडल वर येतं, थोडं कडकही होतं, आणि पाय तसाच ठेवला तर तिथेच थांबतं. (मारल्यावर वर येऊन दगडासारखं कडक झालं, मऊपणा अजिबात नाही, तर हवा नाही, चाकाच्या ड्रमवर दाबले जाणारे ब्रेक शू आणि त्यांच्यावरचे लायनर घासलेत, शू ॲडजस्ट करा.)

कप गेला असेल तर पेडल सुरुवातीला छान कडक लागतं आणि फसवतं ते इथेच. पाय हलक्या दाबाने ठेवून द्या, सिग्नलला उभे असल्यासारखे, आणि मनात साठ आकडे मोजा. पेडल पायाखालून हळूहळू सरकत जाईल. जोरात दाबलंत तर कदाचित सरकणारही नाही, कारण जास्त दाबाने कपाची कड सिलिंडरच्या भिंतीला चिकटते आणि गळती तेवढ्यापुरती बंद होते. म्हणून ही तपासणी हलक्या पायानेच करायची. गाडीखाली ओल नाही, ऑइलची पातळी तीच आणि तरी पेडल बसतंय, म्हणजे ऑइल कपाला वळसा घालून परत मास्टर सिलिंडरवरच्या ऑइलच्या टाकीत जातंय.

आता ते पत्र्यातलं झाकण उघडा. उघडण्याआधी आजूबाजूची माती ब्रशने काढा, ओल्या फडक्याने पुसा, जमलं तर व्हॅक्यूम लावा. टोपी उघडी असताना पडलेला एक खडा नव्या कपाचा जीव घेतो. टोपीतलं बारीक हवेचं भोकही मोकळं करून घ्या.

एकाने पेडलवर पाय ठेवून बसायचं, दुसऱ्याने दारातून वाकून टॉर्च धरायचा, डोळ्यांना चष्मा हवाच. पेडल जेमतेम हललं की टाकीच्या तळाशी असलेल्या बारीक भोकातून ऑइलची छोटी उसळी दिसली पाहिजे. ती दिसली नाही तर ते भोक बुजलंय किंवा पुशरॉडला (पेडलवरून पिस्टन ढकलणाऱ्या दांडीला) फ्री प्ले राहिलेला नाही. पेडलच्या टोकाशी साधारण पाव ते अर्धा इंच मोकळी चाल हवी. मग पेडल हलकं दाबून धरायला सांगा. टाकीतलं ऑइल शांत राहिलं तर कप धरतोय. तळातून ऑइल वर येऊन पृष्ठभाग हलत राहिला, तर कपच. त्यानंतर वीसेक वेळा भराभर मारून, धरून, एकदम सोडायला सांगा. कारंजं उडालं तर लाइनमध्ये दबलेली हवा ऑइलला मागे ढकलतेय. एवढ्याशा भोकातून दोन्ही आजारांचा निकाल लागतो, बोल्ट एकही न खोलता. उडालेलं ऑइल लगेच पाण्याने धुवा, रंग खातं ते.

मास्टर सिलिंडर खाली असल्यामुळे हे दोन आजार एकमेकांत जास्तच मिसळतात. टाकी प्रत्येक चाकात शू ढकलणाऱ्या छोट्या सिलिंडरपेक्षा फारशी वर नाही, त्यामुळे ऑइल उताराने चाकांकडे जाईल हा भरवसा नाही. लाइनमध्ये थोडा दाब टिकवायला सिलिंडरच्या टोकाशी एक व्हॉल्व्ह असतो, ड्रम ब्रेकला साधारण 10 पीएसआय दाबाचा. तो गेला की चाकाच्या सिलिंडरमधल्या रबर कपांवरून हवा आत ओढली जाते आणि आज काढलेली हवा आठवड्याने परत येते. शिवाय मॅटखालची टाकी वर्षानुवर्षं कुणी बघत नाही. पातळी खाली गेली की हवा वरूनच शिरते.

सगळ्यात वाईट म्हणजे, एका आजारावरचा उपाय दुसरा आजार देऊन जातो. रोजच्या वापरात पिस्टन सिलिंडरच्या सुरुवातीच्या भागातच फिरतो. डॉट 3 प्रकारचं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, त्यामुळे पुढचा न वापरलेला भाग आतून गंजतो, त्याला बारीक खड्डे पडतात. हवा काढताना कुणी पेडल पार पत्र्याला टेकेपर्यंत मारलं, की कप त्या खड्ड्यांवरून घासत जातो आणि कड फाटते. सकाळी नुसती हवा होती, संध्याकाळी कपही गेला. हे टाळायला पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा म्हणजे पेडल नेहमीच्या चालीपलीकडे जाणारच नाही, आणि चाकाजवळचं हवा काढायचं निपल उघडं असताना पेडल सावकाश दाबा.

निकाल कपाचा लागला तर खाली उतरावंच लागेल. उतरवण्याआधी आउटलेटचा पाइप काढून तिथे प्लग बसवा आणि पेडल दाबून बघा. तरीही बसलं, तर दोष सिलिंडरचाच. सिंगल सर्किट आहे, म्हणजे चारही चाकांना ऑइलची एकच वाट, हे विसरू नका. अमेरिकेत 1967 पासूनच्या गाड्यांत पुढचा-मागचा ब्रेक वेगळा झाला, या पिकअपमध्ये एक कप गेला की चारही चाकं गेली. आत खड्डे दिसले तर नुसतं रबर किट टाकू नका, सिलिंडर बदला किंवा आत स्लीव्ह (नवी नळी) बसवून घ्या. आणि सगळं खोललेलंच आहे तर टोपीच्या जागी नळी जोडून टाकी बॉनेटखाली वर आणून बसवा, म्हणजे पातळी बघायला पुन्हा मॅट उचलावी लागणार नाही.