खाऱ्यावर तरंगणारं गोडं: कच्छच्या बन्नीतले वीरडे आणि पाण्याची मोजणी

भुजहून उत्तरेला खावड्याच्या रस्त्याला लागलं की डोंगर मागे पडतात आणि बन्नी सुरू होते. सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरचं सपाट गवताळ मैदान, त्यापुढे मोठं रण आणि रणाच्या पलीकडे सिंध. पाऊस वर्षाकाठी तीनशे-साडेतीनशे मिलिमीटर, तोही मोजक्या दिवसांत उरकून जाणारा. जमिनीत पाणी आहे आणि फार खोलही नाही, पण ते खारं. अशा ठिकाणी मालधारी पशुपालक पिढ्यान् पिढ्या म्हशी आणि गाई सांभाळत आले ते वीरड्यांच्या जोरावर.

आपल्याकडे उन्हाळ्यात नदीच्या कोरड्या पात्रात झिरा उकरतात, वीरडा त्याचाच भाऊबंद. फरक एवढाच की झिऱ्याखाली गोडंच पाणी असतं आणि वीरड्याखाली खारं. बन्नीत जिथे पावसाचं पाणी साचून राहतं अशा उथळ खोलगट जागेला झील म्हणतात. पाणी आटलं की झिलीच्या तळात साधारण तीन मीटर खोल खड्डा घेतात, वर रुंद आणि खाली निमुळता. तळाशी लाकडाच्या ओंडक्यांची चौकोनी चौकट एकावर एक रचतात आणि चौकट व माती यांच्यामधल्या फटीत गवत ठासून भरतात. चौकट माती ढासळू देत नाही, गवत गाळ अडवतं आणि पाणी हळूहळू पाझरत आत जमतं. बाजूला गुरांसाठी मातीचा हाळ बांधलेला असतो. पावसाळा तोंडावर आला की वीरडा मातीनं बुजवून टाकायचा, म्हणजे पुराबरोबर शेण-गाळ आत जात नाही. पाणी ओसरलं की पुन्हा उकरायचा.

जागा निवडणं हे सगळ्यात अवघड काम. पावसाळ्यात पाणी कुठून आलं, कुठे जास्त दिवस टिकलं, कुठे आधी मुरलं, हे ज्यानं डोळ्यांनी पाहिलंय तोच ती जागा दाखवू शकतो. खड्डा थोडा जरी इकडेतिकडे झाला तर हाताशी खारं पाणी येतं.

गोडं पाणी खाऱ्यावर राहतं कसं? कारण ते हलकं आहे. समुद्राच्या पाण्याची घनता गोड्या पाण्याच्या १.०२५ पट असते. या अडीच टक्क्यांच्या फरकातून एक साधा हिशेब निघतो: गोड्या पाण्याची पातळी खाऱ्याच्या पातळीपेक्षा जेवढी उंच असेल, त्याच्या चाळीस पट खोलीवर दोघांची सीमा जाऊन थांबते. वर ५ सेंटिमीटर उंची मिळाली तर खाली २ मीटर जाडीचा गोडा थर. भूजलशास्त्रात याला घायबेन-हर्झबर्ग संबंध म्हणतात. किनाऱ्यावरच्या आणि बेटांवरच्या विहिरींसाठी तो एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मांडला गेला.

याच हिशेबाची उलटी बाजू महत्त्वाची. उपसा करून वरची पातळी २ सेंटिमीटरनं खाली आणली आणि ती तशीच ठेवली, तर खालची सीमा ८० सेंटिमीटर वर सरकू पाहते. रणाच्या कडेला जिथे खाली जाड मिठवणी असते आणि घनता १.१ च्या घरात जाते, तिथे हे गुणोत्तर चाळीसवरून दहावर येतं. म्हणजे त्याच ५ सेंटिमीटरला जेमतेम अर्धा मीटर गोडा थर मिळतो. प्रत्यक्षात मधे काटेकोर रेघ नसते, मचूळ पाण्याचा एक पट्टा असतो, आणि हा हिशेब पाणी स्थिरावल्यावरचा आहे. बन्नीतली चिकण माती पाण्याला सावकाश हलू देते, म्हणून चूक केली तरी तिचा परिणाम काही दिवसांनी कळतो. तोवर उशीर झालेला असतो.

म्हणूनच वीरड्यावर पंप बसत नाही. पंप बसवला की पाणी झपाट्यानं खाली जातं आणि त्याच्या बरोबर खाली खारं पाणी शंकूसारखं वर उसळतं. हा शंकू मूळच्या अंतराच्या साधारण तिसऱ्या हिश्शाहून अधिक वर आला की तो स्थिर राहत नाही, एकदम तोंडाशी येतो. पंप बंद केल्यावर तो पुन्हा खाली बसायला कितीतरी पट जास्त वेळ लागतो, आणि मधल्या काळात मिसळलेलं पाणी वेगळं होत नाही. बादलीनं थोडं काढायचं, भरू द्यायचं, एका झिलीत एकच मोठा खड्डा न घेता अनेक लहान वीरडे ठेवायचे, ही मालधाऱ्यांची रीत या गणिताशी अगदी जुळते.

किती काढायचं हे ठरवायला उपकरण लागत नाही. सकाळी पाण्याच्या पातळीला चौकटीवर खूण करा. १५ लिटरच्या दहा बादल्या काढा आणि पाणी पुन्हा खुणेला यायला किती वेळ लागतो ते घड्याळात पाहा. ५० मिनिटं लागली तर वीरडा मिनिटाला ३ लिटर देतोय, तासाला १८०. दर आठवड्याला हे केलं आणि आकडा उतरू लागला की उपसा कमी करायचा, चव बदलण्याची वाट पाहायची नाही.

चव ही फार चांगली कसोटी आहे, पण ती उशिरा बोलते. रोज तेच पाणी पिणाऱ्या जिभेला हळूहळू वाढणारा खारटपणा लक्षात येत नाही. पाण्याची विद्युतवाहकता मोजणारा खिशातला मीटर तिथे उपयोगी पडतो. त्यावर दिसणाऱ्या मायक्रोसीमेन्सच्या आकड्याला ०.६५ नं गुणलं की एका लिटरमध्ये अंदाजे किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते कळतं. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी क्षारांची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २०००. म्हणजे मीटर ३००० च्या पुढे गेला की माणसांनी ते पाणी सोडायचं. गुरांना ते आणखी काही दिवस चालतं.

मीटर वापरताना दोन चुका हमखास होतात. पहिली, तो पडताळून न पाहणं. १४१३ मायक्रोसीमेन्सचं प्रमाणित द्रावण मिळतं. महिन्यातून एकदा मीटर त्यात बुडवून आकडा जुळतो का बघायचा. पाणी गरम असेल तर अंशाला सुमारे दोन टक्के वाहकता वाढते, म्हणून २५ अंशांवर दुरुस्त करून दाखवणारा मीटरच घ्यावा. दुसरी चूक जास्त घातक: मीटर फक्त वरच्या पाण्यात बुडवणं. वरचं पाणी गोडंच असणार! काचेच्या बाटलीला वजन बांधा, तोंडाला बूच लावा आणि बुचाला वेगळी दोरी. बाटली हव्या त्या खोलीपर्यंत सोडायची, मग दोरीला हिसका देऊन बूच उडवायचं आणि बुडबुडे थांबले की बाटली वर घ्यायची. दर अर्ध्या मीटरला असं पाणी घेतलं की गोड्या थराची जाडी कागदावर उतरते. खालून दुसऱ्या नमुन्याचा आकडा दर महिन्याला चढत असेल, तर वरचं पाणी अजून गोड लागत असलं तरी तो वीरडा संपत आलाय.

बन्नीच्या दक्षिणेला, कच्छच्या उंच भागात, गोष्ट वेगळी आहे. तिथे वालुकाश्म आहे. जुरासिक आणि क्रिटेशियस काळातले हे थर पाणी साठवणारे आणि सोडणारे. त्यांतून जागोजागी काळ्या दगडाच्या उभ्या भिंती, म्हणजे डाईक, आरपार गेल्या आहेत. हा काळा दगड आपल्या ओळखीचा: दख्खनच्या ज्या लाव्ह्यानं सह्याद्री घडवला, त्याच काळातला. धुळे-नंदुरबारकडे अशा डाईकच्या रांगाच्या रांगा दिसतात. भेगा नसलेला डाईक जमिनीखाली बंधाऱ्यासारखं काम करतो, एका बाजूला पाणी अडतं आणि दुसरी बाजू कोरडी राहते. ओढ्यावर बांधलेल्या एकाच बंधाऱ्यानं वरच्या विहिरी भरल्या आणि खालच्यांना थेंबही मिळाला नाही, यावरून गावात भांडणं होतात. पुष्कळदा दोष बंधाऱ्याचा नसतो, मधे डाईक असतो. तो नकाशावर आधी उतरवला असता तर बंधारा कुठे घ्यायचा हे ठरवता आलं असतं.

हे काम करणाऱ्या गावच्याच माणसांना कच्छमध्ये भूजल जाणकार म्हणतात. भुजच्या अ‍ॅरिड कम्युनिटीज अँड टेक्नॉलॉजीज या संस्थेनं असे जाणकार तयार केले. पुण्याची अ‍ॅक्वाडॅम ही भूजलावर काम करणारी संस्था आणि ती, दोघी सहभागी भूजल व्यवस्थापनाच्या कामात एकत्र होत्या. जाणकार दगड ओळखतो, थरांचा उतार मोजतो, आणि मुख्य म्हणजे विहिरी मोजतो.

विहीर मोजायला पोलादी टेप आणि खडू पुरतो. टेपच्या शेवटच्या मीटरला खडू घासायचा, टोकाला वजन लावायचं आणि टेप पाण्यात किंचित बुडेल इतका सोडायचा. कठड्यावर रंगानं केलेल्या खुणेशी टेपवरचा पूर्ण आकडा धरायचा, समजा १८ मीटर. वर काढल्यावर खडू ०.६४ मीटरपर्यंत ओला दिसला, तर खुणेपासून पाणी १७.३६ मीटरवर आहे. कठडा ०.७५ मीटर उंच असेल तर जमिनीपासून १६.६१ मीटर. बिघडतं ते इथे: पंप नुकताच बंद झालेला असतो, आकडा दीड-दोन मीटर खोटा येतो, म्हणून मोजणी पहाटे, रात्रभर पंप बंद असताना. कडेच्या झऱ्याचं पाणी टेपवर ओघळतं आणि खडू भलत्याच जागी ओला होतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे कुणीतरी कठडा नव्यानं बांधतं, जुनी खूण जाते आणि पाच वर्षांच्या नोंदीचा पुढच्या नोंदींशी संबंध तुटतो. खुणेची उंची घराच्या जोत्यासारख्या पक्क्या जागेपासून मोजून वहीत लिहून ठेवली की हे टळतं.

मे अखेरचा आणि पावसाळ्यानंतरचा, असे दोन आकडे हाती आले की गावाला जमाखर्च मांडता येतो. समजा २०० हेक्टर वालुकाश्माच्या क्षेत्रात पातळी सरासरी ३ मीटर वर आली आणि खडक आपल्या आकारमानाच्या ३ टक्के पाणी मोकळं सोडतो. २० लाख चौरस मीटर गुणिले ३ गुणिले ०.०३, म्हणजे १ लाख ८० हजार घनमीटर. दीड हजार वस्तीला माणशी रोज ५५ लिटर धरले तर वर्षाला सुमारे ३० हजार घनमीटर जातात. हजार गुरांना रोज ४० लिटर, म्हणजे साडेचौदा हजार. उरले १ लाख ३५ हजार. एका पाळीला हेक्टरी ५०० घनमीटर धरा. गव्हाला पाच पाळ्या दिल्या तर ५४ हेक्टर भिजतं, जिऱ्याला तीन दिल्या तर ९०. शिवाय काही पाणी जमिनीखालून पुढे वाहून जातं, त्यामुळे शेवटच्या थेंबापर्यंत वाटप करायचं नसतं. हे आकडे रब्बीच्या पेरणीआधी ग्रामसभेत फळ्यावर लागले तरच त्यांना अर्थ आहे. जानेवारीत लागले तर गहू उभा असतो आणि कुणी ऐकत नाही.

गावाला एवढं सगळं स्वतः मोजता येतं, मग विद्यापीठ कशाला? टेपनं आणि मीटरनं पाणी किती आहे आणि किती खारं आहे ते कळतं, पण मीठ आलं कुठून हे कळत नाही. समुद्राच्या पाण्यात क्लोराइड ब्रोमाइडच्या सुमारे २९० पट असतं. विहिरीतल्या पाण्यात हेच प्रमाण मिळालं तर ते जुन्या किंवा नव्या समुद्राचं मीठ असावं. प्रमाण हजारांत गेलं तर जमिनीत साठलेलं मीठ विरघळतंय. ऑक्सिजनच्या जड समस्थानिकावरून, म्हणजे त्याच्याच थोड्या जड अणूंच्या प्रमाणावरून, पाणी बाष्पीभवनानं आटून खारं झालंय का ते समजतं. मांडवी-मुंद्र्याच्या किनाऱ्यावर हा फरक फार मोलाचा, कारण समुद्र आत शिरत असेल तर उपसा थांबवणं हा पहिला उपाय. मीठ मातीतलं असेल तर पाणी मुरवून ते धुऊन काढता येतं.

गाव आणि विद्यापीठ यांच्या अशा भागीदारीची जागा बन्नीत आहे. होडको गावात रॅम्बल नावाचं संशोधन केंद्र मालधाऱ्यांची संघटना, सहजीवन ही संस्था आणि कच्छ विद्यापीठ यांच्यासह इतर संशोधन संस्थांच्या सहभागानं उभं राहिलं. गवत, गुरं, गांडो बावळ आणि पाणी यांचा अभ्यास लोकांच्या बरोबरीनं व्हावा असा त्यामागचा विचार. हा गांडो बावळ, म्हणजे विलायती बाभूळ, वनखात्यानं १९६० च्या दशकात खारवट जमीन थोपवायला लावला. आज तो झिलींच्या कडेला दाटलाय, आणि त्याची मुळं गोड्या थरातलं पाणी ओढतात. दक्षिणेच्या टेकड्यांतून येणाऱ्या नद्यांवर धरणं झाली, तेव्हापासून बन्नीतलं मीठ धुणारे पूरही कमी येतात.

विद्यापीठांच्या बाजूनं काय चुकतं, तेही स्पष्ट सांगायला हवं. विद्यार्थी डिसेंबरात एकदा येतात, बाटल्या भरतात, प्रबंध लिहितात आणि निकाल गावात परत येत नाही. नमुन्याला आकडी क्रमांक देतात आणि लोक त्या विहिरीला ज्या नावानं ओळखतात ते कुठेच नोंदवत नाहीत. धातूंच्या तपासणीसाठी बाटलीत नायट्रिक आम्ल घालावं लागतं. तीच बाटली नायट्रेटसाठी वापरली तर आकडा निरुपयोगी होतो, तरी हे घडतं. दोन बाटल्या घ्यायच्या: एक गाळून आम्ल घातलेली, दुसरी साधी, बर्फात ४ अंशांवर ठेवलेली आणि दोन दिवसांत प्रयोगशाळेत पोचवलेली. फ्लुओराइड १.५ मिलिग्रॅमच्या वर आला तर ती विहीर पिण्यासाठी बंद, हा निरोप गुजरातीत, त्याच आठवड्यात गावात पोचायला हवा.

नर्मदेचं पाणी आता नळानं बन्नीतल्या गावांपर्यंत येतं आणि ती मोठी सोय आहे. पण शेकडो किलोमीटरची नळवाहिनी कुठेतरी फुटते, वीज जाते, आणि शेवटच्या टोकाच्या वस्तीला सगळ्यात आधी फटका बसतो. तिथे आजही म्हशींना घेऊन लोक झिलीकडे वळतात. जागा दाखवणारी माणसं आता म्हातारी झाली आहेत. त्यांना बरोबर घेऊन प्रत्येक झिलीतल्या जुन्या वीरड्यांची ठिकाणं, खोली आणि गोड्या थराची जाडी नकाशावर उतरवणं हे एका हिवाळ्यात, पाच-सहा विद्यार्थी, वाहकता मोजणारे दोन मीटर आणि एक जीपीएस घेऊन होण्यासारखं काम आहे.