हँडहेल्ड गेम कन्सोल : जुने आणि नवे

स्क्रीन, बटणे, स्पीकर आणि विजेचा साठा हे सगळे हातात धरता येईल अशा एकाच यंत्रात असलेला गेम कन्सोल म्हणजे हँडहेल्ड कन्सोल. या नोंदीत ‘जुने’ म्हणजे बाजारातले साधे सेल घालून चालणारे, साधारण २००३ पर्यंतचे कन्सोल. ‘नवे’ म्हणजे निन्टेन्डो स्विच (२०१७) आणि स्टीम डेक (२०२२) यांच्या पिढीचे. निन्टेन्डो डीएस, पीएसपी, ३डीएस आणि प्लेस्टेशन व्हिटा यांची पिढी मधली: बॅटरी चार्ज करायची, पण गेम बहुतांशी कार्डावर किंवा डिस्कवर अख्खा मिळायचा. दोन्ही टोकांची तुलना नेहमी ग्राफिक्सवरून होते, आणि तिथे कोण पुढे हे सांगायला नोंद लागत नाही. वीज कशावर खर्च होते, गेम नेमका कुठे असतो आणि यंत्र बिघडल्यावर काय हाती उरते, हे प्रश्न जास्त महत्त्वाचे आहेत.

वंशावळ थोडक्यात

बदलत्या कार्ट्रिजचा (गेम साठवलेली, यंत्रात खोचायची डबी) पहिला हँडहेल्ड मायक्रोव्हिजन १९७९ मध्ये आला. त्याची स्क्रीन फक्त १६ × १६ ठिपक्यांची होती आणि प्रोसेसर यंत्रात नसून कार्ट्रिजमध्ये असे. निन्टेन्डोच्या गुन्पेई योकोई यांनी १९८० मध्ये ‘गेम अँड वॉच’ ही मालिका काढली. आज प्रत्येक कंट्रोलरवर दिसणारे अधिक चिन्हाच्या आकाराचे बटण, म्हणजे डी-पॅड, १९८२ मध्ये तिच्यातच आले. १९८९ चा गेम बॉयही योकोईंच्याच गटाचा. त्याच वर्षी रंगीत स्क्रीनचा अटारी लिंक्स आणि पुढच्या वर्षी सेगाचा गेम गिअर आला. दोन्ही तांत्रिकदृष्ट्या गेम बॉयच्या पुढे होते, तरी दोन्ही त्याच्यापुढे टिकले नाहीत. त्याचे मोठे कारण विजेच्या हिशेबात सापडते.

विजेचा हिशेब

अल्कलाइन पेन्सिल सेलमध्ये वापरण्याजोगी सुमारे ३ वॉट-तास ऊर्जा असते. मूळ गेम बॉयला असे ४ सेल लागतात, म्हणजे १२ वॉट-तास. तो १५ तास किंवा त्याहून जास्त चालतो, म्हणजे त्याचा खर्च अर्धा ते पाऊण वॉट. ४.१९ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, ८ किलोबाइट मुख्य मेमरी आणि दिवा नसलेली स्क्रीन, एवढ्यावर हे जमते. गेम गिअरमध्ये ६ सेल घालावे लागतात आणि ते ३ ते ५ तासांत संपतात. त्यातली बरीच वीज स्क्रीनमागची फ्लुरोसेंट नळी खाते. सेल परत परत विकत घ्यावे लागत, त्यामुळे रंगीत चित्राची हौस महाग पडे.

स्टीम डेकच्या पहिल्या मॉडेलची बॅटरी ४० वॉट-तासांची आहे आणि कंपनी २ ते ८ तासांचा दावा करते. म्हणजे खर्च ५ ते २० वॉट. गेम बॉयच्या किमान सहापट आणि कधी चाळीसपट वीज घेणाऱ्या यंत्राला पंखा लागतो, हवेच्या झरोक्यांत धूळ साचते आणि वजन ६६९ ग्रॅमवर जाते. पंख्याचा आवाज वाढला म्हणजे यंत्र बिघडले असे नव्हे. आधी झरोके साफ करावेत.

नव्या यंत्रात मात्र खर्च खेळणाऱ्याच्या हातात असतो, आणि हे पुष्कळांना ठाऊक नसते. स्टीम डेकवर स्क्रीनचा वेग ४० हर्ट्झ (सेकंदाला ४० चित्रे) ठेवून प्रोसेसरची मर्यादा १५ वरून ८ वॉटवर आणली, तर हलक्या गेममध्ये फरक क्वचितच जाणवतो आणि वेळ बराच वाढतो. स्विचमध्ये अशी सोय नाही, तिथे मॉडेल पाहून घ्यावे लागते. २०१७ च्या मूळ स्विचला कंपनी २.५ ते ६.५ तास देते, तर २०१९ च्या सुधारित स्विचला ४.५ ते ९ तास. बॅटरी दोन्हींत तीच, ४३१० मिलिअँपिअर-तासांची; बदलली ती चिप. जुन्याचा अनुक्रमांक एक्सएडब्ल्यू या अक्षरांनी सुरू होतो, सुधारिताचा एक्सकेडब्ल्यूने. वापरलेला स्विच घेताना यंत्राच्या खालच्या कडेवरची ही अक्षरे पाहायला पाच सेकंद लागतात.

स्क्रीन

गेम बॉयची स्क्रीन १६० × १४४ ठिपक्यांची आणि चार छटांची. बाहेरचा उजेड परावर्तित करून ती दिसते. म्हणून उन्हात ती उत्तम आणि अंधारात निरुपयोगी. नव्या स्क्रीनचे नेमके उलटे. गेम बॉय ॲडव्हान्समध्येही (२००१, २४० × १६०) दिवा नव्हता आणि त्याबद्दल खूप ओरड झाली. २००३ च्या एसपी मॉडेलमध्ये समोरून उजेड पाडणारा दिवा आला, तर २००५ च्या एजीएस-१०१ या आवृत्तीत दिवा स्क्रीनमागे गेला. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. दिव्याचे बटण दाबून दिवा पूर्ण विझला तर ते एजीएस-००१, आणि उजेड फक्त कमी-जास्त झाला तर एजीएस-१०१. विक्रेते हा फरक अनेकदा सांगत नाहीत.

जुन्या स्क्रीनचा संथपणाही गेम बनवणाऱ्यांनी वापरून घेतला. सावली किंवा अर्धपारदर्शक आकृती दाखवायची तर ती एका फ्रेममध्ये (स्क्रीनवर क्षणभर दिसणाऱ्या एका चित्रात) दाखवायची, पुढच्यात लपवायची. संथ स्क्रीनवर दोन्ही मिसळून धूसर छटा दिसे. तोच गेम आजच्या जलद स्क्रीनवर लावला की आकृती लुकलुकते. हा गेमचा दोष नाही. इम्युलेटरमध्ये (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) लगतच्या फ्रेम मिसळण्याची सेटिंग असते, ती चालू करावी.

गेम कुठे असतो

गेम बॉयवरचा ‘टेट्रिस’ ३२ किलोबाइटचा आहे आणि तो सगळाच्या सगळा कार्ट्रिजमधल्या रॉमवर (फक्त वाचता येणाऱ्या, न पुसणाऱ्या चिपवर) आहे. कार्ट्रिज बसवले, बटण सरकवले की काही सेकंदांत खेळ सुरू. ना खाते, ना अपडेट. गेम बॉय ॲडव्हान्सचे कार्ट्रिज ३२ मेगाबाइटपर्यंत गेले, पीएसपीची यूएमडी डिस्क १.८ गिगाबाइटपर्यंत, स्विचचे कार्ड ३२ गिगाबाइटपर्यंत.

क्षमता वाढली, पण भरवसा तेवढा राहिला नाही. स्विचच्या काही गेमच्या कार्डावर गेमचा एक भागच असतो, बाकीचा डाउनलोड करावा लागतो. जून २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ साठी ‘गेम-की कार्ड’ हा प्रकार निघाला आहे. त्यात गेम नसतोच. कार्ड फक्त परवानगीचे काम करते आणि गेम सर्व्हरवरून उतरवावा लागतो. असे कार्ड दुसऱ्याला देता येते, पण सर्व्हर बंद झाल्यावर ते नव्या यंत्रात बिनकामाचे. सर्व्हर बंद होणे ही दूरची शक्यता नाही: ३डीएसच्या ऑनलाइन दुकानातली खरेदी २७ मार्च २०२३ ला थांबली आणि ऑनलाइन खेळ एप्रिल २०२४ मध्ये. स्टीम डेकवर भौतिक माध्यम मुळातच नाही. साठवण वाढवताना ध्यानात ठेवायचे ते हे: स्विच २ मध्ये गेम ठेवण्यासाठी साधे मायक्रोएसडी कार्ड चालत नाही, मायक्रोएसडी एक्सप्रेस हाच प्रकार लागतो.

याचा अर्थ जुनी कार्ट्रिजे अमर आहेत असा मात्र नाही. रॉम टिकते, खेळलेला टप्पा (जतन केलेली प्रगती) टिकेलच असे नाही. अनेक गेम बॉय कार्ट्रिजांत तो टप्पा एका साध्या मेमरी चिपवर असतो आणि ती चिप सीआर१६१६ किंवा सीआर२०२५ सारख्या चपट्या सेलवर जिवंत राहते. हा सेल १५–२० वर्षांत संपतो. ‘पोकेमॉन गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’मध्ये घड्याळही त्याच सेलवर चालते, म्हणून तो आणखी लवकर संपतो. उलट गेम बॉय ॲडव्हान्सच्या ‘पोकेमॉन रुबी’ व ‘सफायर’मध्ये टप्पा फ्लॅश मेमरीवर असतो, सेल संपल्याचा संदेश आला तरी फक्त घड्याळ थांबते, खेळलेले जात नाही.

सेल बदलताना पुढचा क्रम पाळावा. आधी कार्ट्रिज रीडरने टप्प्याची प्रत संगणकावर घ्यावी, कारण सेल काढताच मेमरी रिकामी होते. गेम बॉय कार्ट्रिजचा स्क्रू ३.८ मिलिमीटरच्या खास बिटनेच उघडतो. जुना सेल पत्र्याच्या पट्ट्यांसकट सोल्डर वितळवून काढावा आणि पट्ट्या आधीच जोडलेला नवा सेल बसवावा. नुसत्या सेलवर थेट सोल्डर करू नये. उष्णतेने सेल फुटू शकतो. चिकटपट्टीने सेल दाबून बसवण्याची युक्ती बरेच जण सांगतात, पण कार्ट्रिज जरा हलले की संपर्क तुटतो आणि सगळे पुसले जाते.

काय बिघडते आणि का

गेम बॉय सुरू होताना त्याची २५६ बाइटची आरंभ-रॉम कार्ट्रिजमधून निन्टेन्डोचे बोधचिन्ह वाचते आणि स्वतःकडच्या प्रतीशी ताडून पाहते. जुळले नाही तर यंत्र तिथेच थांबते. म्हणून बोधचिन्हाच्या जागी काळी पट्टी किंवा विस्कटलेली अक्षरे दिसली, तर दहापैकी नऊ वेळा यंत्र ठीक असते आणि कार्ट्रिजचे पितळी दिसणारे संपर्क मळलेले असतात. ९० टक्क्यांहून तीव्र आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन ते पुसावेत आणि पूर्ण वाळू द्यावेत. फुंकर मारू नये. फुंकर मारल्यावर चालते ते कार्ट्रिज काढून पुन्हा बसवल्यामुळे. श्वासातली ओल मात्र संपर्कांवर गंज चढवते.

सेल आत ठेवून यंत्र कपाटात टाकणे हे जुन्या कन्सोलच्या मृत्यूचे सर्वांत सामान्य कारण आहे. अल्कलाइन सेलमधून पोटॅशियम हायड्रॉक्साइड झिरपते आणि स्प्रिंगवर पांढरे-निळसर पापुद्रे येतात. ते अल्कधर्मी असल्याने व्हिनेगरच्या एक-दोन थेंबांनी विरघळतात. नंतर अल्कोहोलने पुसून घ्यावे. स्प्रिंग खाल्ली गेली असेल तर ती बदलणेच बरे.

यंत्र खेळता खेळता आपोआप बंद-चालू होत असेल, तर नवे सेल आणण्याआधी पॉवरचे सरकबटण तपासावे. आतल्या पट्ट्यांवर थर चढून व्होल्टेज घटते. काँटॅक्ट क्लीनरचा थेंब टाकून ते वीस-तीस वेळा पुढे-मागे केले की बहुधा काम होते.

मूळ गेम बॉयच्या स्क्रीनवर उभ्या रेषा गायब होणे हा नेहमीचा रोग. काचेला चिकटवलेली लवचिक केबल सुटू लागते. यंत्र चालू ठेवून, गेलेल्या रेषेच्या खालच्या केबलवर कमी तापमानाची सोल्डरिंग आयर्न हलकेच फिरवली की रेषा परत येतात. काही महिन्यांनी पुन्हा जाऊही शकतात. आयर्न फार तापली तर केबलच जळते. यंत्र उघडताना दोन्ही भाग झटक्याने वेगळे करू नयेत, त्यांना जोडणारी केबल आत असते.

गेम गिअरचा रोग वेगळा. त्याचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (थोडी वीज साठवणारे, आत द्रव असलेले छोटे भाग) गळतात: आधी आवाज क्षीण होतो, मग स्क्रीन फिकी पडते, शेवटी यंत्र सुरूच होत नाही. मुख्य, आवाजाच्या आणि विजेच्या अशा तिन्ही बोर्डांवरचे कपॅसिटर बदलावे लागतात आणि गळालेला द्रव आधी साफ करावा लागतो, नाहीतर तांब्याच्या वाटा खाल्ल्या जातात. कपॅसिटर न बदललेला गेम गिअर ‘चालू स्थितीत’ म्हणून घेणे म्हणजे पुढची दुरुस्ती विकत घेणे.

नव्या यंत्रांत बटणांपेक्षा ॲनालॉग स्टिक आधी जाते. जुन्या डी-पॅडखाली रबर आणि कार्बनची टिकली असते. ती झिजली किंवा मळली तर दाब लागत नाही, पण न दाबता दाबल्याचा भास ती कधी देत नाही. स्विचच्या जॉय-कॉनमधली स्टिक पोटेन्शिओमीटरवर चालते: सरकती पट्टी कार्बनच्या थरावर घासते, थर झिजतो, आणि हात न लावता पात्र एका बाजूला चालू लागते. यालाच ‘ड्रिफ्ट’ म्हणतात. कॅलिब्रेशनने आणि फटीत अल्कोहोल सोडल्याने थोडे दिवस निभते, झिजलेला थर मात्र परत येत नाही. स्टिकच बदलावी. मागचे ४ वाय-आकाराचे स्क्रू काढून अर्धे भाग पुस्तकासारखे हळू उघडावेत, बॅटरीची जोडणी सर्वांत आधी सोडवावी, आणि केबलची खिटी नखाने वर करूनच केबल ओढावी. चुंबकीय, म्हणजे हॉल-इफेक्ट, स्टिकमध्ये घासणारा थर नसल्याने तो झिजण्याचा प्रश्नच येत नाही. स्विच २ मध्ये तरी निन्टेन्डोने ती वापरलेली नाही.

लिथियम बॅटरी हा नव्या आणि मधल्या पिढीचा समान दुबळा दुवा आहे. पीएसपीच्या मागच्या झाकणाला फुगवटा आला असेल तर ते दाबून बंद करू नये, बॅटरी काढून ई-कचऱ्यात द्यावी. पीएसपी आणि डीएसची बॅटरी मिनिटभरात बदलता येते. स्विच आणि स्टीम डेकमध्ये ती आत चिकटवलेली असते.

जुने गेम नव्या स्क्रीनवर

जुना गेम नव्या यंत्रावर चालवताना चित्र पूर्णांक पटीत वाढवावे, नाहीतर काही ठिपके जाड व काही बारीक दिसतात. ७२० ओळींच्या स्विचवर गेम बॉयच्या १४४ ओळी बरोबर पाचपट बसतात. स्टीम डेकच्या १२८० × ८०० स्क्रीनवर गेम बॉय ॲडव्हान्सचे चित्र पाचपट केले की १२०० × ८०० होते, म्हणजे उंची पूर्ण भरते आणि दोन्ही बाजूंना फक्त ४० ठिपके रिकामे राहतात. २०२१ चा ॲनालॉग पॉकेट याच हिशेबाने बनवला आहे: १६०० × १४४० म्हणजे गेम बॉयच्या नेमके दहापट. तो एफपीजीए चिपवर (आतली रचना हवी तशी बदलता येणाऱ्या चिपवर) मूळ सर्किटची नक्कल करतो आणि खरी कार्ट्रिजे घेतो.

मूळ यंत्रातच मागे दिवा असलेली नवी आयपीएस स्क्रीन बसवण्याचाही मार्ग आहे आणि दिसायला तो फार सुरेख आहे. पण दिवा आला की वीज जास्त लागते आणि सेल लवकर संपतात. रिचार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल वापरले तर व्होल्टेज १.५ ऐवजी १.२ असते, त्यामुळे सेलमध्ये जीव असतानाही सेलची स्थिती दाखवणारा लाल दिवा मंद होतो. तो पाहून घाईने सेल बदलायची गरज नसते.

साठवण

जुना कन्सोल ठेवताना सेल काढून टाकावेत. नवा ठेवताना बॅटरी निम्म्याच्या आसपास चार्ज करून यंत्र पूर्ण बंद करावे आणि सहा महिन्यांतून एकदा पुन्हा चार्ज करावे. पूर्ण उतरलेली लिथियम बॅटरी वर्षभर तशीच राहिली तर तिचे संरक्षक सर्किट तिला नंतर चार्जच होऊ देत नाही.