चव गेली की वास गेला?

करोनाच्या काळात घराघरांत एकच वाक्य ऐकू यायचं, ‘तोंडाची चव गेलीय.’ १३ जून २०२० रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने लक्षणांमध्ये वास जाणं आणि चव जाणं, दोन्हींची भर घातली. घरात मात्र आपण दोन्हींना चवच म्हणत राहिलो, आणि त्याचा परिणाम थेट जेवणावर झाला.

माझी आई आमटीत मीठ वाढवत गेली. ‘काही लागतच नाही गं,’ म्हणायची. तिला रक्तदाबाचा त्रास, त्यामुळे माझा जीव खालीवर. शेवटी चिमूटभर साखर जिभेवर ठेवायला दिली. गोड लागली! म्हणजे जीभ शाबूत होती. आमटी अळणी नव्हतीच, हिंगाची फोडणी तिच्यापर्यंत पोचत नव्हती.

जिभेला कळतं ते थोडकंच: गोड, आंबट, खारट, कडू आणि मटणाच्या रश्शात असतो तो उमामी. तिखट आपण चवींत धरतो, पण मिरचीची आग मेंदूला कळवणारी नस वेगळी. बाकी सगळं, जिऱ्याचा खमंगपणा, कोथिंबीर, हापूसचं हापूसपण, हे नाकाचं काम. घास चावताना वास घशामागून नाकात चढतो आणि मेंदू तो तोंडाच्या नावावर जमा करतो. नाक दाबून बडीशेप चावून बघा. नुसती गोडसर लागते. नाक सोडलं की बडीशेप होते.

करोनाचा विषाणू मुख्यतः नाकातल्या वासाच्या पेशींना आधार देणाऱ्या पेशींवर घाला घालतो. काहींना मीठ-साखरही कळेनाशी झाली. ती खरी चव गेलेली. काहींना तर मिरचीही झोंबेना. अशा वेळी मीठ अंदाजाने नाही, मोजूनच घालावं.

वास गेला असेल तर मीठ वाढवून काहीच साधत नाही. आईला लिंबू पिळलेला वरणभात, गार ताक, भाजलेला पापड, भरड दाण्याची चटणी असं दिलं; आंबट, गार, कुरकुरीत. ती दोन घास जास्त जेवू लागली.

काहींचा वास परतला तो बिघडून. कांदा, लसूण, कॉफी यांचा वास कुजल्यासारखा किंवा जळका यायचा. अशा माणसाला ‘नखरे करतो’ म्हणू नका, त्याच्या ताटातून कांदा काही दिवस वगळा.

आणि वास येत नसलेल्या माणसाला नासलेलं दूध कळत नाही, गॅस सुटलेलाही कळत नाही. त्याला उरलेली भाजी वाढण्याआधी घरातल्या दुसऱ्या कुणीतरी हुंगून बघावी.