न भरणारी जखम, अल्ट्रासाऊंडच्या सिटिंग आणि महात्मा फुले योजना: काय बसतं, कागद कोणते लागतात

आत्याच्या डाव्या घोट्याच्या आतल्या अंगाला रुपयाएवढी जखम सात महिने चिघळत होती. तालुक्याच्या गावी एका क्लिनिकमध्ये जखमेच्या कडेनं जेल लावून अल्ट्रासाऊंड फिरवायचे, एका सिटिंगचे ४०० रुपये. अकरा सिटिंग झाल्यावर शेजारी म्हणाले, "अहो, हे सगळं महात्मा फुले योजनेत फुकट होतं की!" तसं नाही. त्या सिटिंग योजनेत बसत नाहीत. पण त्याच जखमेवरची शस्त्रक्रिया बसू शकते. हा फरक माहीत नसल्यामुळे घरोघरी पैसेही जातात आणि पायही बिघडतो, म्हणून सविस्तर लिहिते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ही रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या ठराविक उपचारांसाठी आहे. बाह्यरुग्ण विभागात येऊन-जाऊन घेतलेली फिजिओथेरपी, ड्रेसिंग किंवा अल्ट्रासाऊंड तिच्यात येत नाही. सडलेला भाग काढून जखम साफ करणं, त्वचारोपण, फुगलेल्या शिरांची शस्त्रक्रिया असे उपचार पॅकेज म्हणून मंजूर होतात. तुमच्या निदानाला कोणतं पॅकेज लागू आहे, हे रुग्णालयातला आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, संगणकावर पाहून सांगतो. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत, तेही तिथंच विचारून घ्या.

पात्रतेचं आता सोपं झालंय. पूर्वी पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड लागायचं. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयानं पांढऱ्या कार्डवाल्यांनाही योजना लागू झाली आणि दर कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण मिळालं. ही रक्कम सगळ्या कुटुंबाची मिळून असते, माणशी नव्हे.

कागद मोजकेच: रेशनकार्ड, आणि आधार, मतदार ओळखपत्र यांसारखं फोटो असलेलं ओळखपत्र. आयुष्मान कार्ड काढलेलं असेल तर तेही जवळ ठेवा. अडतं ते नावापाशी. आत्याचं आधारवर नाव 'सुमन', रेशनकार्डावर 'सुमनबाई', आणि सासऱ्यांच्या काळातल्या त्या कार्डाला १२ अंकी ऑनलाइन क्रमांकच नव्हता. तहसीलच्या पुरवठा शाखेत दुरुस्ती होईपर्यंत सतरा दिवस गेले. तेवढ्यात जखमेला वास यायला लागला होता. म्हणून आजारपण नसतानाच एकदा दोन्ही कागद शेजारी ठेवून नावं, जन्मसाल आणि घरातल्या सगळ्यांची नोंद ताडून बघा. सुनेचं नाव माहेरच्याच कार्डावर राहिलेलं असतं, हे फार घरांत दिसतं.

रुग्णालय योजनेत अंगीकृत, म्हणजे योजनेशी जोडलेलं, आहे का ते आधी बघावं. तिथं आरोग्यमित्राचा कक्ष असतो, नोंदणी तिथंच होते. मग डॉक्टर तपासतात, रक्तातली साखर, पायाच्या रक्तवाहिन्यांतला रक्तप्रवाह दाखवणारी डॉपलर अशा चाचण्या होतात, आणि रुग्णालय जखमेचे फोटो व रिपोर्ट जोडून ऑनलाइन पूर्वपरवानगी मागतं. योजनेकडून शंका काढली जाते ती बहुतेक अपुऱ्या रिपोर्टवरून. त्यामुळे जुनी चिठ्ठी, जुने फोटो काहीही फेकू नका. मोबाईलवर आठवड्याला एकदा, जखमेशेजारी मोजपट्टी धरून फोटो काढून ठेवलेले असले की जखम किती दिवसांची आहे, वाढतेय की भरतेय, हे डॉक्टरांना लगेच दिसतं. जीवावर बेतलं असेल तर फोनवरून तातडीची परवानगी घेऊन उपचार सुरू करता येतात, कागद मागून देता येतात. मंजुरीनंतर त्या पॅकेजमधल्या तपासण्या, औषधं, शस्त्रक्रिया आणि जेवण यांचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात.

आता अल्ट्रासाऊंडबद्दल, कारण खिशातले पैसे तिथंच जातात. हे यंत्र सोनोग्राफीचं नव्हे. ध्वनिलहरींनी जखमेभोवतीच्या पेशींना चालना मिळावी, अशी त्यामागची कल्पना. ब्रिटनमध्ये शिरांच्या दोषामुळे झालेल्या, लवकर न भरणाऱ्या पायाच्या जखमांवर याची मोठी चाचणी झाली. ३३७ रुग्ण होते, आठवड्यातून एकदा, १२ आठवडे अल्ट्रासाऊंड दिला. २०११ साली निकाल आला: नेहमीच्या उपचाराच्या जोडीला तो दिल्यानं जखमा लवकर भरल्या नाहीत. सलाईनच्या फवाऱ्यातून, जखमेला न टेकता देण्याचा कमी कंपनाचा एक प्रकार आहे. त्याच वर्षी उपचारांचा पुरावा तपासणाऱ्या तिथल्या 'नाइस' या संस्थेनं तो आशादायक म्हटला, पण पुरावा अपुरा असल्याचंही सांगितलं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. शिरांची जखम असेल तर आधी दाबपट्टी, म्हणजे पायाला आवळून गुंडाळायची पट्टी; मधुमेहाची तळपायाची असेल तर आधी त्या जागेवरचा भार काढणं आणि साखर आटोक्यात. मात्र दाबपट्टीआधी पायाचा धमनीतला रक्तपुरवठा तपासून घ्यायलाच हवा. तो कमी असताना पट्टी आवळली तर पाय धोक्यात येतो. अल्ट्रासाऊंड सांगितलाच तर पायात रक्ताची गुठळी, हाडापर्यंत गेलेला जंतुसंसर्ग किंवा त्या जागी कॅन्सर नाही ना, हे डॉक्टरांना विचारा. किती सिटिंगनंतर जखम मोजून पुढचं ठरवणार, हेही आधीच ठरवून घ्या. आत्याच्या अकरा सिटिंगमध्ये जखमेला एकदाही मोजपट्टी लागली नव्हती.

खाजगी आरोग्य विमा असेल तर रुग्णालयातून घरी आल्यानंतरच्या ठराविक दिवसांचा खर्च पुष्कळ पॉलिसींमध्ये मिळतो. त्यासाठी डॉक्टरांची लेखी चिठ्ठी आणि तारीखवार बिलं हवीत. एकरकमी पावतीवर दावा अडकतो.

योजनेतल्या उपचारासाठी कुणी पैसे मागितले तर पावती घ्या आणि १५५३८८ किंवा १८००२३३२२०० या मोफत क्रमांकावर तक्रार नोंदवा. तक्रार क्रमांक लिहून घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.