इंदूरजवळ वाइनच्या पांढऱ्या द्राक्षांची नवी बाग: अनुदानाचा अर्ज, पात्रता आणि कागदपत्रं

सांवेर, देपालपूर, महूकडे वडिलोपार्जित जमीन असलेल्या मराठी घरांत हल्ली नाशिकच्या नातेवाइकांकडे पाहून शेनिन ब्लाँ किंवा सोव्हिनियॉन ब्लाँ लावायचं घाटतं. लावा जरूर, पण अनुदान हवं असेल तर आधी अर्ज, मग मंजुरी आणि त्यानंतरच खड्डे. रोपं लावून मोकळं झाल्यावर कागद घेऊन गेलात तर तुमच्यासाठी कोणी नियम वाकवणार नाही.

मध्य प्रदेशात हे काम उद्यानिकी विभागाचं. अर्ज एमपीएफएसटीएस या शेतकरी अनुदान पोर्टलवर होतो. स्वतः जमत नसेल तर एमपी ऑनलाइनच्या किओस्कवर. जिल्ह्याला पीकवार आणि प्रवर्गवार 'लक्ष्य', म्हणजे अनुदानाचा कोटा, ठरवून दिलेलं असतं. म्हणून नोंदणीच्या धावपळीआधी विकासखंडाच्या वरिष्ठ उद्यान विकास अधिकाऱ्यांना किंवा आपल्या गावच्या ग्रामीण उद्यान विस्तार अधिकाऱ्यांना एकच प्रश्न विचारा: यंदा जिल्ह्याच्या लक्ष्यात द्राक्ष आहे का? नसेल तर बाकी सगळी तयारी फाइलीतच राहील.

कागदपत्रांत आधार, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा रहिवासी ओळख क्रमांक), आधारशी जोडलेलं बँक खातं आणि त्याचं पासबुक, फोटो, मोबाइल नंबर, लागू असेल तर जातीचं प्रमाणपत्र. हे सगळ्यांकडे असतं. लोक अडकतात ते जमिनीच्या कागदात. नाशिकवाले सातबारा म्हणतील. इथे त्याऐवजी खसरा (शेताचा उतारा) आणि बी-1 (खातेदाराचा उतारा) लागतो, सोबत भू-अधिकार ऋण पुस्तिका ठेवावी. बी-1 वर आजोबांचंच नाव, वडील जाऊन दहा वर्षं झालेली, एक काका पुण्यात आणि आत्या बडोद्याला, असं चित्र असेल तर आधी तहसीलमध्ये फौती नामांतरण, म्हणजे मृत खातेदाराच्या जागी वारसांची नोंद, करून घ्या. मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता 1959 च्या कलम 109-110 खाली ते होतं. खातं सामाईक असेल तर सहखातेदारांचं सहमतिपत्र नोटरी करून जवळ ठेवा. नावांचं स्पेलिंग आधार, समग्र आणि पासबुकात जुळतंय का तेही बघा; 'राव' एका कागदावर आहे आणि दुसऱ्यावर नाही, एवढ्यावरही फाइल परत येते. बोलताना बिघे चालतात, अर्जात मात्र हेक्टरच लिहा.

पैशांचं गणित असं. केंद्राच्या एकात्मिक बागवानी विकास अभियानाच्या 2014 च्या मार्गदर्शिकेत ठिबक आणि मांडवासह द्राक्षाचा खर्च हेक्टरी 4 लाख धरला होता आणि त्याच्या 40 टक्के, म्हणजे जास्तीत जास्त 1.60 लाख अनुदान, एका लाभार्थ्याला 4 हेक्टरपर्यंत. पुढे दर सुधारले गेले आहेत, तेव्हा पोर्टलवरचा चालू वर्षाचा आकडा धरा. 2014 च्या मार्गदर्शिकेत रक्कम 60, 20, 20 टक्के अशा तीन हप्त्यांत होती. दुसऱ्या वर्षी 75 टक्के आणि तिसऱ्या वर्षी 90 टक्के वेली जिवंत असण्याची अट होती.

पहिला हप्ता तसा सोपा. खरी परीक्षा वेली जगवण्याची, आणि ती माळव्याच्या काळ्या जमिनीत अवघडच. पावसाळ्यात पाणी साचलं की कोवळी मुळं सडतात. म्हणून उंच गादीवाफे आणि बाजूने चर आधी काढा. नांगे (मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा) त्याच हंगामात भरा आणि नव्या रोपांची बिलंही जपून ठेवा.

आणखी एक गोम आहे. आपल्याकडे बहुतेक जण आधी डॉगरिज किंवा 110 आर असा खुंट (फक्त मुळांसाठीची दुसऱ्या जातीची वेल) लावतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरात शेतातच त्यावर हव्या त्या जातीचं कलम करतात. खुंट साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये लागतो, म्हणजे नेमका सरकारी वर्ष संपताना. तेव्हा पाहणीला आलेल्या माणसाला शेतात शेनिन कुठेच दिसत नाही, नुसता खुंट दिसतो. त्यामुळे खुंटाचं बिल आणि डोळकाड्यांचं (कलमाच्या काड्यांचं) बिल अशी दोन्ही ठेवा, दोन्हींवर जातीचं नाव स्पष्ट हवं. रोपं राष्ट्रीय बागवानी बोर्डाची मान्यता असलेल्या रोपवाटिकेतूनच घ्या. जातींबद्दल शंका असेल तर पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, तिथे विचारावं. परदेशातल्या भाच्याला बॅगेतून काड्या आणायला मात्र सांगू नका. त्यासाठी वनस्पती संगरोधाचा (क्वारंटाइनचा) आयात परवाना लागतो.

ठिबकाचं अनुदान 'प्रति बूंद अधिक फसल' योजनेमधून स्वतंत्रही मिळतं: लघु-सीमांत शेतकऱ्याला 55 टक्के, इतरांना 45. पण एकाच क्षेत्रावर दोनदा नाही. द्राक्षाच्या अनुदानात ठिबक धरलेलं असेल तर हा दुसरा अर्ज करू नका.

आबकारी (दारूबंदी-उत्पादन शुल्क) खात्याबद्दल लोक उगाच घाबरतात. द्राक्षं पिकवायला कसलाही मद्यपरवाना लागत नाही. वाइन गाळायला मात्र मध्य प्रदेश आबकारी अधिनियम 1915 खाली परवाना हवाच, मग ती घरच्या चार क्रेट द्राक्षांची का असेना. बहुतेकांनी द्राक्षंच विकावीत हे बरं. पण वाइनच्या पांढऱ्या जाती खायच्या बाजारात खपत नाहीत, तेव्हा वाइनरीशी लेखी करार खुंट लावण्याआधीच करा: किती ब्रिक्सला (रसातल्या साखरेच्या मापाला) तोडणी, भाव शेतावरचा की वाइनरीपोहोच, वाहतूक कोणाची. अर्जाला हा करार कोणी मागत नाही. तरी माझ्या मते फाइलमधला सगळ्यात महत्त्वाचा कागद तोच.