कृष्णविवरांचे उद्रेक
कृष्णविवरांचे उद्रेक : कृष्णविवराच्या निकट परिसरातून प्रारण, वेगवान कण व चुंबकीकृत आयनद्रायू (विद्युत् भारित कणांचा तप्त वायू) यांच्या रूपाने होणारे प्रचंड ऊर्जाविमोचन. ही ऊर्जा विवराच्या आतून येत नाही. तिचा उगम सभोवार फिरणाऱ्या द्रव्याच्या चकतीत किंवा विवराच्या परिवलनात मानला जातो.

मार्टेन श्मिट यांनी १९६३ मध्ये ३सी २७३ या क्वासाराची (दूरच्या दीर्घिकेच्या अतितेजस्वी केंद्राची) ताम्रच्युती (प्रकाशाचे लाल रंगाकडे सरकणे) ओळखली. त्यावरून तो फार दूर व म्हणून अतितेजस्वी ठरला आणि एवढ्या छोट्या जागेतून एवढी ऊर्जा कशी येते, हा प्रश्न तीव्र झाला. हायड्रोजनाच्या अणुकेंद्रीय संमीलनात वस्तुमानाचा सु. ०·७ टक्का भागच ऊर्जेत रूपांतरित होतो. विवराकडे ओढल्या जाणाऱ्या द्रव्यातून मात्र, परिवलन नसल्यास सु. ५·७ टक्के व कमाल परिवलन असल्यास ४२ टक्क्यांपर्यंत ऊर्जा मिळू शकते. सॉल्पीटर व झेल्दोविच यांनी १९६४ मध्ये स्वतंत्रपणे मांडलेली व लिंडेन-बेल यांनी १९६९ मध्ये विस्तारलेली ही उपपत्ती आज बहुमान्य आहे.

द्रव्य आत पडण्याऐवजी बाहेर पडते, असे मानणारी परंपरा याहून जुनी आहे. दीर्घिकांची केंद्रेच स्फोटक असावीत, असे अंबार्टसुम्यान यांनी १९५८ मध्ये सुचविले. श्वेतविवर म्हणजे काळाची दिशा उलटविलेले, म्हणजे ज्यातून द्रव्य केवळ बाहेर पडते असे कृष्णविवर. ही कल्पना नोविकोव्ह (१९६४) व नेमान (१९६५) यांनी मांडली. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील जयंत नारळीकर व के. एम. व्ही. अप्पाराव यांनी नरेश दधिच यांच्यासह १९७४ मध्ये श्वेतविवरांचे उच्च ऊर्जा प्रारण तपासले. बाहेर झेपावणाऱ्या पृष्ठभागावरील आरंभीच्या प्रारणाला तीव्र नीलच्युती (तरंगलांबी आखूड होऊन ऊर्जा वाढणे) मिळते व पुढे ते सौम्य होत जाते. त्यामुळे अल्पजीवी क्ष-किरण व गॅमा किरण स्फोट समजावता येतील, असा त्यांचा रोख होता. गॅमा किरण स्फोटांची पहिली वार्ता जेमतेम वर्षापूर्वीची होती, हे ध्यानात घेतल्यास या धाडसाचे वजन कळते. मात्र त्याच वर्षी अर्डली यांनी दाखविले, की भोवतालचे प्रारण श्वेतविवराच्या सीमेवर साचून अतिऊर्जित होते व श्वेतविवराचेच कृष्णविवर बनते. हा आक्षेप अधिक भारी ठरला, असे म्हणावे लागते.

पर्यायी स्पष्टीकरण नेहमीच इतके मूलगामी नसते. सु. ३९ कोटी प्रकाशवर्षे दूरच्या भुजंगधारी दीर्घिकासमूहाच्या तप्त वायूत क्ष-किरण निरीक्षणांतून एक अंतर्वक्र कडा आढळली. नॉर्बर्ट वेर्नर व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये तिचे कारण बहुधा समूहांच्या विलीनीकरणातील वायुगती हे मानले. केंद्रातील कृष्णविवर तेव्हा जवळपास सुप्त दिसत होते. सिमोना जाचिंतुच्ची व सहकाऱ्यांनी २०२० मध्ये रेडिओ निरीक्षणे जोडली. त्यांत खोडद (जि. पुणे) येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीची नोंदही होती. कडेपलीकडे तप्त वायूतील पोकळी असून ती रेडिओ उत्सर्जनाने भरलेली निघाली; म्हणजे ती कृष्णविवराच्या जुन्या उद्रेकाने फुगली, असे त्यांचे मत. ती फुगविण्यास लागलेली ऊर्जा एमएस ०७३५ या दीर्घिकासमूहातील आधीच्या उच्चांकी उद्रेकाच्या सु. पाचपट भरते. दोहोंत हे दुसरे मत ग्राह्य वाटते.

ताऱ्याच्या अवपातातून (स्वतःच्या भाराने कोसळण्यातून) जन्मणाऱ्या कृष्णविवरांशी दीर्घ गॅमा किरण स्फोट जोडले जातात. काहींमागे अतिचुंबकी न्यूट्रॉन तारा असावा, असा पर्याय अद्याप विचारात आहे. अशा स्फोटांच्या ध्रुवणाची (प्रारणाच्या कंपनांना ठरावीक दिशा असण्याची) मापने ॲस्ट्रोसॅट (प्रक्षेपण २०१५) उपग्रहावरील, टाटा संस्थेच्या पुढाकाराने घडलेल्या कॅडमियम–झिंक–टेल्युराइड उपकरणानेही केली आहेत.